पुलावरचा राक्षस

"पहिला वार डोळ्यावर. अर्धा जीव गेला की पळेल. पुलावर गाठून संपवायचं."

शहागंजमधल्या झेरॉक्सच्या दुकानात एक अनोळखी मुलगा माझा कागद हातात धरून हे मोठ्यानं वाचत होता. मशीनवरून कागद उचलायलाच मी विसरले होते.

"मॅडम, तुमचा का हा?" त्यानं भुवई उंचावली. "पोलिसांना बोलवावं, की आधी चहा पाजावा... एवढंच ठरवतोय."

"माणूस नाहीये तो! राक्षस आहे."

"हां... मग चहाच."

असा भेटला मला सत्यम. घरांचे नकाशे काढायचं काम करायचा, हसताना खाली बघायचा. मी एरवी अनोळखी माणसाबरोबर चहा प्यायला जात नाही हो, पण त्या दिवशी गेले खरी.

त्याला मी आमचा खेळ समजावला. दर रविवारी दुपारी माझी मैत्रीण युसरा हिच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही चौघं बसतो. मी गोष्ट सांगते, बाकीचे तिघं त्यातले योद्धे होतात. काय करायचं ते त्यांनी बोलायचं, जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगणार. राक्षस मात्र माझे. आणि माझे राक्षस सलग तीन रविवार दहा मिनिटांत मेले होते! त्या तिघांतल्या राजेंद्रनं तर सांगूनच टाकलं, "मोनिका, पुढच्या वेळी पण असंच असंल तर मी आपला क्रिकेटला जातो." तो गेला की खेळ मोडला.

"मोडला तर मोडला," सत्यम म्हणाला.

"तुम्हाला काय जातंय बोलायला? शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीत आठवडाभर मी फक्त 'हो सर' म्हणते. माझं कुणी ऐकतं ते त्या एका टेबलाशी."

 त्यानं माझाच कागद उलटा करून पेन्सिल काढली. "राक्षस उभा कुठं आहे?"

"मैदानात."

"म्हणून मरतो बिचारा. पुलावर शेवटी कशाला, आधीच उभा करा. फळ्या कुजक्या. खाली नदी. प्रत्येक वाराला एक फळी तुटणार..."

"आणि तो पूल अडवून का बसलाय?" मी विचारलं. त्यानं पेन्सिल थांबवली.

"ते तुम्ही ठरवा. राक्षस तुमचा."

पुढं तीनदा भेटलो आम्ही. कागदापेक्षा मी त्याच्या बोटांकडे जास्त बघत होते, आणि त्याला ते कळत होतं... मेला मुद्दाम सावकाश रेघा ओढायचा! सगळा बेत माहीत असलेल्यानं योद्धा व्हायचं नाही, असा आमचा नियम. म्हणून मी म्हटलं, "तुम्ही राक्षसाचा आवाज व्हा."

रविवार उजाडला. सत्यमनं अशी डरकाळी फोडली की युसराच्या हातून कप निसटला. फळ्या तुटत गेल्या. राजेंद्रचा योद्धा एका हातानं दोराला लोंबकळला, आणि राजेंद्र स्वतः खुर्चीवर उभा! मोबाईलला कुणी हात लावला नाही. आता तिसरा योद्धा, म्हणजे युसराचे शेजारी सर्जेरावकाका, एसटीतून रिटायर झालेले. त्यांची पाळी आली. मी फासा पुढं केला. काकांनी तो घेतलाच नाही.

"पाव्हणं," ते राक्षसाला म्हणाले, "जेवलात का?"

सगळे खो खो हसले. मी मात्र भराभर कागद चाळायला लागले. तीन हल्ले लिहिले होते, पळायच्या दोन वाटा लिहिल्या होत्या. दारातल्या माणसाला काका जे विचारतात ते राक्षसालाही विचारतील, हे कुठं लिहिलं होतं? मी सत्यमकडे बघितलं. गुरगुर ना रे...

"नाय," तो हळूच म्हणाला. डरकाळी गेली होती, हिंगोलीकडचं गाव आलं होतं आवाजात. "दोन वर्षं झाली इथं येऊन... कुणी इचारलंच नाय."

हसू थांबलं. "तलवारी ठिवा रे खाली," काका म्हणाले. "आधी ह्याला वाढा."

राक्षस मेला नाही. पूल मोकळा झाला. "पुढल्या रविवारी हा आपल्या बाजूनं का?" राजेंद्र विचारत होता, आणि मला रडू येतंय की हसू, ते कळत नव्हतं.

जिना उतरताना मी सत्यमला थांबवलं. "माझं टेबल वाचवलंत तुम्ही. आभार कसे मानू?"

"मी कुठं? काकांनी."

"ते उत्तर राक्षसाचं होतं का?"

तो खाली बघत राहिला. "...नाय."

किती दिवस चहा पाजला मला या माणसानं, आणि त्याच्याबद्दल मी एक शब्द विचारला नव्हता. लाज वाटली. आणि देवाचे, झेरॉक्स मशीनचे, काकांचे, सगळ्यांचे उपकार वाटले.

"उद्या सुट्टी आहे. करमाडला घरी ये माझ्या," मी म्हटलं. 'तुम्ही' कधी गळालं, कळलंच नाही. "आई पोट फुटेस्तोवर वाढंल. पण विचारंल, हा कोण म्हणून."

"मग... काय सांगशील?"

"सांगेन, मला आवडतो."

अख्खी दुपार डरकाळ्या फोडणारा तो माणूस जिन्याच्या पायरीवर मटकन खालीच बसला.