एका माणसाचा बाधाभार

आंबेटी खाडीच्या निरीक्षण केंद्रात डॉ. शर्वरी केळुस्कर सहा वर्षं एकटी राहत होती. सोबतीला एकोणीस यंत्रं होती. पण त्यांच्याशी बोलायची सवय तिने दुसऱ्याच वर्षी मोडली, कारण ती उत्तरं देत आणि मग जास्तच एकटं वाटे. देशभरच्या कंपन्यांचे शाश्वतता अहवाल वाचायचे आणि त्यांतले कल शोधायचे, हे तिचं काम. ते पुण्यात बसूनही झालं असतं. तरी संस्थेचे संचालक डॉ. टेंबे यांनी तिचे बदलीचे पाचही अर्ज फेटाळले होते.

गेल्या महिन्यात टेंबे निवृत्त झाले आणि नव्या संचालकांनी आल्या आल्या तिची बदली मंजूर केली. पुण्यात नऊ वर्षांच्या इराने आईसाठी कपाटातला एक खण रिकामा करून ठेवला होता. परवाच्या लाँचने निघायचं होतं.

जाण्याआधी हातातलं उरकावं म्हणून शर्वरीने खाडीकाठच्या रसायन कंपनीचे वीस वर्षांचे अहवाल पडद्यावर घेतले. कंपनीचा बाधाभार, म्हणजे प्रदूषणाची झळ मोजणारा आकडा, दरवर्षी घटत होता. या घटीचं कौतुक करणारा निबंध तिनेच लिहिला होता आणि त्याला बक्षीसही मिळालं होतं. आज तिने पहिल्यांदाच त्या आकड्याची फोड केली. तिने लगेच टेंबेंना दृक्संवाद लावला.

"सर, बाधाभार म्हणजे पाण्यातला मळ गुणिले दहा किलोमीटरच्या आत राहणारी माणसं. बरोबर?"

"मीच केलंय ते सूत्र. अहवालात माणूस मोजला जावा म्हणून."

"मळ तसूभरही कमी झालेला नाही. माणसं कमी झालीत. कंपनीने शहरात चांगली घरं दिली, लोक आनंदाने गेले. मी त्याला प्रगती म्हटलं."

"चौदाशे कंपन्यांची प्रगती तशीच आहे. म्हणून तर सूत्र बदला म्हणून नऊ वर्षं ओरडतोय, पण आकडे इतके छान दिसताना कोण हात लावणार?"

"आणि माणसं शून्य झाली की?"

"शून्याने कशालाही गुणलं तरी शून्यच. मग शुद्धीकरणाच्या टाक्या बंद ठेवायला कायद्याची हरकत नाही. भरती-ओहोटी ते पाणी चाळीस किलोमीटरवरच्या गावांपर्यंत नेईल. सूत्र दहाच्या पुढे बघत नाही."

शर्वरीने लोकसंख्येचा शेवटचा रकाना पाहिला. तिथे एक हा आकडा होता, आणि दहा किलोमीटरच्या आत राहणारी ती एकटीच होती.

"तुला मी अहवाल वाचायला पाठवलंच नव्हतं," टेंबे हळूच म्हणाले.

तिला प्रचंड राग आला. "माझी मुलगी मला पडद्यावर बघत मोठी झाली, सर. निदान विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. आणि मग निघताना मन खात राहिलं असतं. काही ठाऊक नसतं, तर निर्धास्त गेली असतीस."

स्वतः न भिजता दुसऱ्याला पाण्यात उतरवणारी माणसं असा विचार नेहमीच फार हळवेपणाने करतात. शर्वरीने डोळे पुसले.

"सर, सूत्रात माणसाचं वय येतं?"

"नाही."

"पद? शिक्षण? निवृत्त आहे की नाही?"

टेंबेंच्या मागे नीटनेटकी, रिकामी बैठकीची खोली दिसत होती. पत्नी जाऊन त्यांना तीन वर्षं झाली होती.

"रहिवासी ठरायला सलग तीस दिवस लागतात," ते अखेर म्हणाले.

"तेवढे मी थांबते. परवाच्या लाँचने या. औषधं वर्षभराची आणा, इथे काही मिळत नाही."

इराला अजून एक महिना थांब म्हणून सांगायचं होतं. त्या महिन्यात मात्र समोर बसून जेवायला कुणीतरी असणार होतं, आणि इतका राग असूनही शर्वरीला त्याचं बरं वाटलं.

"पहिलं वर्ष फार जड जातं का गं?" टेंबेंनी विचारलं.

"सगळीच जातात, सर," ती म्हणाली.