परत येताना रचते

ही घटना रानोमाळ फोटो काढत फिरणाऱ्या ट्वायलाच्या बाबतीत खरोखर घडली. कुणी विश्वास ठेवावा असा तिचा आग्रह नाही. घडलं तेवढंच ती सांगते.

गेल्या ऑक्टोबरातला शेवटचा गुरुवार. अमेरिकेतलं दक्षिण युटा. कच्च्या रस्त्याच्या टोकाला तिची व्हॅन, आणि पुढे लाल खडकांच्या घळी.

सकाळी पेट्रोल पंपावर म्हाताऱ्या वर्लने टोकलं होतं.

"एकटीच? पाणी किती घेतलंस?"

"पुरेल, वर्लकाका. रविवारी परत येते."

"पुरेल म्हणणाऱ्यांनाच आम्ही दरवर्षी शोधत फिरतो, पोरी! निदान लगोऱ्या बघत जा."

उघड्या खडकावर पाऊलवाट उमटत नाही. म्हणून जाणारा-येणारा दगडावर दगड रचून वाटेची खूण ठेवतो. त्या लगोरीला हात लावायचा नसतो.

दुपारी कड्यावर तिला हवं तसं दृश्य मिळालं. फक्त घळीत उतरायची चीर दाखवणारी लगोरी मध्येच येत होती.

ती कॅमेरा लावत असताना खालून हाक आली...

"कुणी आहे का? वाट सापडत नाहीये!"

बाईचा आवाज. घसा पार कोरडा पडलेला.

"वर ये!" ट्वायला ओरडली. "लगोरी दिसेल!"

उत्तर नाही.

ती थांबली. पण उजेड सरकत होता. तिने दगड उतरवले.

टक्... टक्... टक्...

"परत येताना रचते," ती पुटपुटली.

फोटो निघाला. आणि खालून एक किंकाळी आली...

अर्ध्यातच तुटली.

ट्वायला धडपडत चिरेतून उतरली. हाका मारत घळभर फिरली.

कुणीच नव्हतं. वाळूत तिच्याशिवाय कुणाचं पाऊलही नव्हतं.

ती परतायला वळली तेव्हा ऊन कड्यामागे गेलं होतं. वर बघितलं, तर सगळ्या चिरा सारख्याच. एकीतून चढली. पुढे सरळ भिंत. दुसरीतून चढली, घसरून खाली आली. नखं तुटली. पाणी संपलं. मोठी लेन्स पिशवीत मावावी म्हणून दुसरी बाटली तिने व्हॅनमध्येच ठेवली होती.

रविवारपर्यंत कुणी शोधायला येणार नव्हतं. तोवर ती उरणार नव्हती.

शेवटी तिने जीव खाऊन हाक मारली.

"कुणी आहे का? वाट सापडत नाहीये!"

शब्द तोंडातून गेले, आणि ती थिजली.

वरून उत्तर आलं...

"वर ये! लगोरी दिसेल!"

तिचाच आवाज. ताजा. निवांत.

मग थोडी शांतता. आणि...

टक्... टक्... टक्...

नको, काढू नकोस, असं ओरडायला तिने तोंड उघडलं. घशातून आवाजच फुटला नाही.

ती त्या आवाजाच्या रोखाने चढत सुटली. गुडघे सोलले, हात रक्ताळले. काठावर हाताला दगड लागले. दुपारी तिने ठेवले होते, तसेच.

वर कुणी नव्हतं.

तिने आधी लगोरी रचली. मग व्हॅन गाठली.

"प्रतिध्वनी असेल गं," दुसऱ्या दिवशी वर्ल म्हणाला.

"प्रतिध्वनी दुपारपासून संध्याकाळपर्यंत थांबत नाही, काका. आणि हाकेच्या आधी तर कधीच येत नाही."



दुपारची ती हाक आपलीच होती, हे ट्वायलाने आता मान्य केलंय. त्यानंतर ती घळीत कधी उतरलेली नाही.

कारण ती अर्ध्यात तुटलेली किंकाळी...

ती तिने अजून फोडलेली नाही.