अण्णांचे एकोणीस टाके

"पत्र्याची बादली जोडायचीय का तुमाला?"

लालसिंगांच्या दुकानात मी एक जाडजूड सोल्डरिंग आयर्न हातात तोलून बघत होते, तेवढ्यात मागून हा प्रश्न आला. कोपऱ्यात एका उघड्या टीव्हीच्या आड कुणीतरी बसलं होतं. आधी केस दिसले, मग भुवया, मग हसू दाबलेलं तोंड.

"रेडिओ जोडायचाय," मी म्हणाले.

"मग ती साठ वॅटची ठेवा खाली. तांब्याची पट्टी उचलून येतीय तिनं. पंचवीसची घ्या, टोकदार. तार घ्या बारीक, आत राळ भरलेली. अन् ती पेस्टची डबी नका घेऊ, महिन्यात सगळं हिरवं पडतंय."

"शिवहार, गिऱ्हाईक माझं आहे," लालसिंग म्हणाले. "तू टीव्ही बघ."

"टीव्हीच बघून राहिलो की, मालक."

बघत तो माझ्याकडे होता.

दोन हजार सालचा डिसेंबर होता तो. हिंगोली जिल्हा होऊन दीड वर्ष झालं होतं, तरी दुकानाच्या पाटीवर अजून 'जि. परभणी' होतं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की जवळा बाजारहून एसटीनं मी हिंगोलीला येत असे. शाळेत मी शिकवत होते.

अण्णा, माझे वडील, दिवाळीनंतर गेले. पोस्टातून निवृत्त झाल्यावर सुटे भाग आणून रेडिओ बनवण्याचा छंद त्यांनी धरला होता. आठ रेडिओ बोलले. नववा अर्धा राहिला. शेवटच्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायचा, तरी त्यावर ते कथलाचे एकोणीस टाके घालून गेले. तो रेडिओ बोलला, की अण्णांचं काम पुरं झालं... असं मी मनाशी धरून बसले होते.

त्यांच्या वहीतली आकृती बघून उरलेले टाके मी घातले. सेल बसवले. रेडिओ गप्प.

पुढच्या शनिवारी मी रेडिओच्या आतली सर्किटची पट्टी शिवहारसमोर ठेवली.

"टाके बघता का जरा?"

"टाके?" तो हसला. "आमी जॉइंट म्हणतो."

"अण्णा टाकेच म्हणायचे."

"मग टाके." त्यानं भिंग धरलं. "हे तुमचे, न्हाई का? बरे आहेत. पण हे बघा... चमक न्हाई. वरून धरल्यासारखे दिसतेत, आतून सुटे. कच्चे आहेत समदे. काढून टाकावे लागतील."

"हात लावू नका त्यांना!"

माझा आवाज एवढा चढेल असं मलाही वाटलं नव्हतं. लालसिंग वर बघायला लागले.

"वडिलांच्या हातचे आहेत ते," मी म्हणाले. "गेले ते. दिवाळीनंतर."

शिवहारनं तापलेली आयर्न परत स्टँडवर ठेवली.  भिंग उचलून एकेक टाका पुन्हा बघितला.

"मग काढायचे न्हाईत," तो शेवटी म्हणाला. "नुसते गरम करू. राळेचा एक कण ठेवायचा, टोक टेकवायचं... त्यांचंच कथील इतळून जागेवर बसतंय. नवं काहीच घालायचं न्हाई." मग आयर्नची मूठ माझ्याकडे केली. "तुमीच करा. मी सांगतो."

पहिल्या टाक्याचं कथील चांदीसारखं चमकलं आणि पसरलं. मी घाईनं त्यावर फुंकर मारली.

"अं हं, म्याडम! फुंकर न्हाई मारायची. हलवायचं बी न्हाई. आपोआप गार होऊ द्यायचं."

"किती वेळ?"

"त्याला लागंल तेवढा."

दोन महिने जो तो घरी येऊन माझी समजूत घालत होता. लागेल तेवढा वेळ घे, असं कुणीच म्हटलं नव्हतं.

तीन-चार टाके झाले की तो मान वर करायचा. "गेली बघा लाईट. भारनियमन. आता पुढच्या शनवारी."

असे तीन शनिवार गेले. तिसऱ्या वेळी मी पायरी उतरले, तर शेजारची विजेवरची पिठाची गिरणी धडधडत होती. मागे वळून पाहिलं. तो टीव्हीत डोकं घालून बसला होता, आणि त्याच्या भिंतीवरचं मोठं बटण वर ढकलून बंद केलेलं होतं.

 बस चुकेल अशी घाई दाखवत मी निघाले... आणि पुढच्या शनिवारी आठवणीनं ठेवणीतली निळी साडी नेसले.

संक्रांतीच्या नंतरच्या शनिवारी एकोणिसावा टाका वितळला. चमकला. दोघं तो गार होताना पाहत राहिलो. मग शिवहारनं सेल बसवले आणि बटणाची बाजू माझ्याकडे केली.

आधी खरखर. मग एका माणसाचा शांत आवाज तुरीवरच्या अळीबद्दल सांगू लागला. कोणती फवारणी, किती पाण्यात. आयर्न हातात तशीच धरून मी त्यातला शब्द न् शब्द ऐकला. डोळे कधी भरले, कळलं नाही. लालसिंग उठून उगाच बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले.

"एका दिवसात झालं असतं हे," शिवहार खाली बघत म्हणाला.

"माहीत आहे. गिरणी चालू असायची."

त्याचे कान लाल झाले. "मग बोलल्या काहून न्हाई?"

"तुम्ही बटण काहून बंद करत होता?"

"दुसरं काय करू? रेडिओ बोलला असता, अन् तुमी... परत आल्या नसत्या."

मी आयर्न स्टँडवर ठेवायला गेले. लक्ष नव्हतं. बोट दांडीला टेकलं.

"अंजली!"

पहिल्यांदाच नावानं हाक मारली त्यानं. माझा हात ओढून घेतला आणि बोटावर फुंकर घातली. हळूच. पुन्हा एकदा.

"फुंकर मारायची नाही म्हणाला होतात," मी म्हणाले.

"टाक्यावर न्हाई," तो म्हणाला. "इथं चालतीय."

रेडिओवर अळी संपून हरभऱ्याचं पाणी सुरू झालं होतं. बोट केव्हाच गार पडलं होतं. त्यानं हात सोडला नाही.

मीही हलवला नाही.