कोमट कारंजं

सिमेंटचा माल कालवायच्या दिवशी गौरजाला कुणी हाक मारायची नाही, हे घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. माल एकदा भिजला की तो कुणासाठी थांबत नाही. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी नोकरीला गोव्यात न जाता इथे तळाशीलला, समुद्र आणि खाडीमधल्या चिंचोळ्या पट्टीत, माडांखाली बसून सिमेंटची कासवं करते, याचं गावाला आधी हसू आलं. मग किनाऱ्यावरच्या होमस्टेंच्या बागांतून तिच्या वस्तू दिसू लागल्या. अळवाच्या पानावर माल थापून केलेल्या थाळ्या तर तिच्याच. पानाची शीर न् शीर त्यांत उमटलेली असायची.

एका होमस्टेने मागवलेलं कारंज्याचं काम मात्र पहिलंच होतं. वर पसरट थाळी, खाली कमरेएवढी बैठक. बैठक भरीव केली तर उचलणार कोण? म्हणून तिने गोणपाटात सोललेल्या नारळांची सोडणं भरली. ती गोणी साच्यात मधोमध उभी करायची आणि भोवती, वरून माल ओतायचा, म्हणजे आत पोकळी राहते आणि वजन वाचतं. साचा म्हणजे कापलेलं प्लास्टिकचं पिंप, आतून तेल फिरवलेलं. गोणी रात्रभर मांगरात, घरामागच्या कामाच्या खोपीत, आडवी पडली होती. सकाळी गौरजाने तिचं तोंड सुतळीने आवळलं आणि उचलली. काल भरताना होती त्यापेक्षा ती जड लागली. खाऱ्या हवेत सोडणं पाणी धरतात, असं मनाशी म्हणून तिने ती साच्यात उतरवली.

साचा अर्धा भरला आणि आवाज आला. बारीक, ओलसर.

माल बसताना हवेचे बुडबुडे वर येतात आणि आवाज करतात, हे खरं. पण हवा मध्येच थांबून पुन्हा तोच आवाज काढत नाही, हेही तिला ठाऊक होतं. अर्ध्यावर थांबावं तर खालचा थर आवळणार, वरचा त्याला धरणार नाही, सांध्यातून जन्मभर पाणी पाझरणार. तिने पुढची पाटी ओतली. मग त्याच्या पुढची. आवाज बंद झाला.

संध्याकाळी शेजारची यमुनाबाई मासे विकून परतली आणि रिकामी पाटी डोक्यावर तशीच ठेवून दोन घरांमधल्या दगडी गडग्याशी उभी राहिली.

"गो गौरजा, माझ्या मनीची पिलां खंय दिसली काय गो? परवाच व्यालेली. चुलीकडसून उचलून खंय न्हेल्यान कोणाक ठावक."

गौरजा थापी धूत होती. थापी स्वच्छ झाली होती, तरी ती धूत राहिली.

"नाय गो काकी."

"मगे त्या नितेशाचीच करणी. टेम्पोत घाण करतत म्हणान बोंब मारी होतो. न्हेवन टाकल्यान आसतली खाडयेपलीकडे."

नितेश यमुनाबाईचा सख्खा पुतण्या. दारातला टेम्पो त्याचा. गौरजाच्या वस्तू तोच पोचवायचा. आता बोलावं, असं गौरजाला वाटलं. पण यमुनाबाई तोवर पुतण्याच्या नावाने बोटं मोडत घरात शिरली होती, आणि न बोललेली गोष्ट सिमेंटसारखीच असते. पहिले काही तास ती हलवता येते.

साचा सोडला तेव्हा बैठक सुरेख निघाली होती. गौरजाने तिला ओली पोती गुंडाळली, रोज पाणी मारलं, मग दगडाने घासून, सिमेंटचं पातळ पाणी फिरवून अंग गुळगुळीत केलं. बैठक कोमट लागायची. त्यात नवल नव्हतं. सिमेंट पाणी पितं तेव्हा तापतं, आणि थोड्या दिवसांत निवतं.

ही बैठक निवली नाही.

पावसाळ्यात होमस्टे बंद, म्हणून कारंजं मांगराच्या पडवीतच राहिलं. अंगणात घातलेली तांबडी माती भिजून चिकट झाली, भिंतींवर शेवाळ चढलं, शेजारच्या कासवांना हात लावला तर गार बसत. बैठक मात्र तापल्या अंगासारखी. मनी दिवसभर तिला पोट लावून पडलेली असे. ती उठली की सिमेंटवर ओला डाग दिसायचा, तिच्या पोटाच्या उंचीला. ओल जमिनीतून वर चढते, मध्येच उमटत नाही. एकदा गौरजाने तो डाग बोटाने टिपून हुंगला आणि बोट परकराला पुसलं.

"हिचां दूध आजून आटूक नाय बघ," यमुनाबाई एकदा म्हणाली. "पिलां नाय, काय नाय, आणि दूध कोणाक पाजता ही रांड?"

नितेशशी ती अजून बोलत नव्हती. त्याच्या घरी बांगडे पाठवायचीही बंद झाली होती. चतुर्थीला तो पाया पडायला आला, तेव्हा तिने पाय मागे घेतले. हे गौरजाने गडग्याच्या अलीकडून पाहिलं.

दिवाळीनंतर होमस्टेवाल्यांचा निरोप आला. नितेश टेम्पो मागे घेऊन उतरला.

"ह्यां काय कारंजा म्हणतत गो? माझ्या टेम्पोच्या स्प्रिंगांचा तेरावा घालतलंस तू!" हसत त्याने बैठकीला मिठी घातली, आणि तसाच थांबला. "उन्हात होतां काय ह्यां?"

"सावलीत होतां."

"गरम लागता." त्याने हात काढून घेतले. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "काकीक तू तरी सांग गो. मी पिलांक हात लावक नाय. माका म्हणता, पाप करून खंय फेडतलंस."

गौरजाने यमुनाबाईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, पुतण्याला बघून जागीच खुंटली.

"काकी, नितेशान कायएक करूक नाय. पिलां हेच्यात आसत. गोणयेत होती. माका आवाज आयकाक इल्लो, तरी मी ओतीत रवलंय."

माडाचं एक झावळ वाऱ्याने पत्र्याला घासत राहिलं. मग यमुनाबाई म्हणाली, "फोड तां."

नितेशने घण आणला. बैठक सहजी फुटेना. गौरजाचा माल पक्का होता. अखेर एका बाजूने मोठी ढलपी निघाली आणि आतून ऊब बाहेर आली, बंद खोलीत कुणी झोपलेलं असावं तशी.

आत सोडणांचा काथ्या होता, गोल, दाबून बसवलेला. गोणीचा धागा नाही. हाड नाही, केस नाही, वास नाही.

यमुनाबाईने हात घालून सगळा काथ्या चाचपला.

"खंय आसत? हाडूक तरी उरला नसता काय?" तिचा आवाज ओला झाला होता. "काय नाय गो बाय हयसर. मांजरां घरां बदलतत. तिनाच खंय तरी न्हेल्यान. तू आपली उगाच सहा म्हयने जीव खाल्लंस." ती नितेशकडे वळली. "आणि तू रे, आयतो उभो कित्याक? घरात चल. बांगडे आसत, घेवन जा."

तो हसला, डोळे पुसत तिच्यामागे गेला. मनी फुटलेल्या बैठकीशी आली, आत डोकावली आणि उलट पावली मांगराच्या छपरावर चढून बसली.

गौरजा एकटी राहिली. तिला माफ केलं गेलं होतं. तिने मोबाइलचा उजेड पोकळीत धरला.

भिंतीवर ओरखडे होते. तळाशी गिचमीड, केसाएवढे बारीक. थोडं वर ते कमी होते, जास्त रुंद. त्याहून वर आणखी कमी. अगदी वर, छताला लागून, एकाच पंजाचे.

कॉलेजच्या सामानातली फिनॉल्फ्थॅलीनची बाटली तिने शोधून आणली. ताज्या सिमेंटवर त्याचा थेंब गुलाबी होतो. कार्बन डायऑक्साइड लागून जुन्या झालेल्या सिमेंटवर होत नाही; तेच नुकतं खरवडलेलं असेल तर आतलं ताजं पुन्हा गुलाबी होतं. आत्ता फुटलेल्या कडेवर तिने थेंब सोडला. लगेच गुलाबी. ठीक. मग पोकळीच्या भिंतीवर. ही जागा ओतल्यापासून बंद होती. हवा पोचायला वाट नव्हती. इथेही गुलाबीच व्हायला हवा.

थेंब पाण्यासारखा राहिला.

दुसरीकडे. तसाच. खालच्या ओरखड्यांवर, मधल्यांवर, तसाच. आतल्या भिंती जुन्या झाल्या होत्या. बाहेरची हवा आत आली नव्हती. म्हणजे ज्याने त्या जुन्या झाल्या, तो वायू आतच तयार होत होता. माणूस असो, जनावर असो, तो वायू एकाच रीतीने सोडतं, श्वासातून.

तिने हात वर नेला आणि छताजवळच्या ओरखड्यावर शेवटचा थेंब सोडला.

तो गर्द गुलाबी झाला.