गुरुजींचं मत

शिरूरहून दौंडला जाणाऱ्या सकाळच्या एस.टी.त वत्सला धावतपळत चढली, तेव्हा एकच जागा उरली होती. तिच्या शेजारी बसलेला माणूस पुस्तक वाचता वाचता एकटाच हसत होता. वत्सलानं पुस्तकाचं मुखपृष्ठ बघितलं. चंद्रावरच्या वस्तीची ती कादंबरी होती. परवाच तिनं वाचनालयात परत केलेली.

"बसा, बाई," तो सरकत म्हणाला. तिच्या पिशवीतून डोकावणारी शाळेची पट्टी त्यानं बघितली असावी. "हे वाचलंय का तुम्ही?"

"थोडं..."

"मग ते चहाचं पान आलं आसंल. शिरूरच्या वाचनालयात आमचे एक गुरुजी हायेत. ते म्हणतात, एवढे लाख कोस त्या बाईला यानातनं नेली, आन् तिथंबी बिचारीला चहाच करायला लावला. आत्ता ते पान आलं, म्हणून हसतोय."

वत्सलानं झटकन पलीकडच्या खिडकीकडं तोंड फिरवलं. कारण ते वाक्य तिचं होतं. अगदी 'बिचारी'सकट.

त्याचं असं होतं, की त्या छोट्याशा वाचनालयाचा कारभार बबनरावांकडं होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून त्यांना वाचता येत नव्हतं आणि वाचल्यावाचून करमतही नव्हतं. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. पुस्तक परत करणाऱ्यानं टेबलापाशी उभं राहून ते कसं वाटलं हे तोंडी सांगायचं. सांगितलं नाही, तर दुसरं पुस्तक मिळायचं नाही. ऐकलेलं मत बबनराव पुढच्या वाचकाला शब्दन्‌शब्द ऐकवत. चंद्रावर माणूस उतरून पाच-सहा वर्षं झाली होती आणि जो उठेल तो लेखक आपल्या नायकाला यानात कोंबून वर धाडत होता. असल्या कादंबऱ्या आणि त्यांच्या जोडीला राक्षस-जादूगारांच्या अद्भुतकथा मन लावून वाचणारी माणसं त्या वाचनालयात दोनच होती. एक वत्सला गायकवाड, शिरूरचीच, इनामगावच्या शाळेतली बाई. दुसरा दौंडच्या रेल्वेतला एक फिटर. तो रविवारी शिरूरला बहिणीकडं येई, वाचनालयात जाई, आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत फिरे.

आता तरण्याताठ्या पोरीचं नाव परगावच्या माणसाला सांगायचं कसं? बबनराव पडले जुन्या वळणाचे. 'आमच्याकडं एक गुरुजी आहेत, त्यांचं म्हणणं असं,' असं त्यांनी ठोकून दिलं.

वत्सलाला हे कळलं तेव्हा ती हसली होती. "मामा, आता मला मिशाही लावा," असं म्हणाली होती. पण मग उलटे निरोप यायला लागले. गुरुजींना नमस्कार सांगा. गुरुजींचं पटलं, पण शेवटाबद्दल माझं जरा निराळं आहे, रागावू नका म्हणावं... आणि ते तिला गोड लागलं. शाळेत हेडमास्तर तिचं वाक्य अर्धवट ऐकून मान वळवत. घरी आई म्हणे, पुरे झाली पुस्तकं, आता स्थळं बघू. आणि इकडं न पाहिलेला कुणीतरी तिचं बोलणं जपून घरी नेत होता. ती गुरुजीच राहिली.

आणि आज तो 'कुणीतरी' हातभर अंतरावर बसला होता. अंगठ्याला वंगणाचा काळा डाग, केस नीट विंचरलेले, आणि वाचलेल्या पानात खूण म्हणून घातलेलं बसचं तिकीट.

"तुमाला न्हाई पटलं गुरुजींचं?" त्यानं विचारलं.

पटलं म्हणावं तर हा आणखी विचारणार. विचारता विचारता बिंग फुटणार. चोराच्या मनात चांदणं. वत्सला घाईघाईनं म्हणाली, "मला तर ते पान आवडलं. चहाशिवाय चंद्रावर माणसानं जगायचं तरी कसं?"

"चहा असू द्या की. पण त्यानं का करू न्हाई?"

"त्याला यान चालवायचं असतं."

"चंद्रावर पोचल्यावर कसलं यान चालवतोय? नुसता खिडकीत बसलाय. पान काढून दाखवू?"

फाट्यावर गाडी थांबेपर्यंत ते भांडत होते. खाली उतरल्यावर वत्सलाच्या ध्यानात आलं, की आपण सबंध रस्ताभर स्वतःच्याच विरुद्ध भांडलो. गाल तापले होते. इनामगावच्या वाटेवर पुण्याची माणसं जुन्या टेकाडात खड्डे घेऊन तीन हजार वर्षांपूर्वीची मडकी काढत होती. तिकडं तिनं त्या दिवशी ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढच्या सोमवारी शेजारच्या जागेवर रुमाल टाकलेला होता. "धरून ठेवली," तो म्हणाला आणि रुमाल उचलला. त्याचं नाव प्रल्हाद सोनवणे. त्याच्या पुढच्या सोमवारी रुमाल होता, त्याच्याही पुढच्या सोमवारी होता. उसाच्या गाड्यांमागून एस.टी. रखडत जाई, गुऱ्हाळाचा गोड वास खिडकीतून आत येई, आणि ही दोघं भांडत. राजकन्या शंभर पानं बुरुजात नुसती वाट बघत बसते, तेवढ्या वेळात तिनं चमच्यानं भिंत पोखरली असती, असं शनिवारी बबनरावांना सांगणारी वत्सला सोमवारी म्हणे, "वाट बघणं काय सोपं असतं होय?" आपलेच दात आणि आपलेच ओठ. सांगते कुणाला?

"तुमी एकदा गुरुजींना भेटाच," तो वैतागून म्हणे. "सुधाराल."

"फार हुशार आहेत का?"

"हुशार तर हायेतच. पण खरं बोलतात. असा माणूस मिळत न्हाई, बाई."

गुरुजींचं नाव काढलं की त्याचा चेहरा उजळायचा, आणि वत्सलाला चक्क हेवा वाटायचा. कुणाचा, तर स्वतःचाच. असलं विचित्र दुखणं तिनं वाचलेल्या एकाही कादंबरीत नव्हतं. सांगून टाकावं असं तिला दर सोमवारी वाटे, आणि दर सोमवारी त्याआधीच फाटा येई. जितका उशीर होई तितकं खोटं मोठं होई, आणि जितकं मोठं होई तितकी भीती.

एका सोमवारी रुमाल होता, पण प्रल्हाद बोलत नव्हता. शिरूर मागं पडलं तरी पुस्तक मिटलेलंच.

"बदली झाली," तो शेवटी म्हणाला. "भुसावळला."

वत्सलानं पिशवीचे बंद घट्ट धरले. "कधी?"

"ह्या रविवारनंतर लगीच. जायच्या आधी गुरुजींच्या पाया पडणार हाय. बबनमामांना सांगून ठिवलंय, काय बी करा, रविवारी त्यांना बोलवून ठेवा." तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "त्यांना एक विचारायचं बी हाय."

तो आठवडा वत्सलाचा कसा गेला तो तिचा तिलाच ठाऊक. फळ्यावर बेरीज लिहिताना हातचा विसरला, आणि मुलं एकमेकांकडं बघून हसली. सांगितलं तर तो म्हणेल, इतके दिवस तुम्ही माझी गंमत केलीत. नाही सांगितलं तर तो भुसावळला जाईल आणि उरलेला जन्मभर एका नसलेल्या म्हाताऱ्याला मनात धरून बसेल. रात्री डोळा लागत नव्हता. आईनं विचारलं, काय होतंय? ती म्हणाली, पित्त.

रविवारी ती वेळेआधीच वाचनालयात पोचली. बबनरावही घाबरलेलेच होते.

"पोरी, मी सांगतो गुरुजी यवतला लेकीकडं गेलेत. तू गप बस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मामा, खोटं..."

"आजवर काय खरं बोलत हुतो आपण?"

तेवढ्यात प्रल्हाद आत आला. पांढराशुभ्र सदरा, आणि दोन्ही हातांवर घडी केलेला नवाकोरा टॉवेल आणि त्यावर टोपी. मानाच्या माणसाला द्यायचा आहेर. त्यानं साऱ्या खोलीवरून नजर फिरवली. कपाटं, बबनराव, आणि कोपऱ्यात वत्सला.

"गुरुजी न्हाई आले?"

"त्यांना यवतला जावं लागलं. लेकीकडं," बबनराव भिंतीकडं बघत म्हणाले.

प्रल्हादचा चेहरा पार उतरला. त्यानं टॉवेल-टोपी टेबलावर ठेवली, सुरकुती नसताना हातानं सारखी केली. "माझंच नशीब. एवढं त्यांना द्या, मामा." मग तो वत्सलाकडं वळला. "तुमी तरी भेटलात. बरं झालं. का वाईट झालं... कळंना."

"गुरुजींना काय विचारायचं होतं?" वत्सलानं विचारलं.

तो टोपीकडं बघत म्हणाला, "विचारणार हुतो... एक बाई हायेत. त्यांचं माझं एक मत जुळत न्हाई. मी पूर्व म्हणलं की त्या पश्चिम म्हणतात. तरीबी सोमवार आला की मी उजाडायच्या आधी स्टँडवर जाऊन बसतो, जागा धरायला. गुरुजी, ह्याला काय म्हणायचं? म्हणलं, ते खरं सांगतील."

गप्प राहिलं तर सगळं मिळत होतं. पण मिळत होतं ते कुणाला? पश्चिम म्हणणाऱ्या त्या बाईला, जी खरी नव्हतीच. आणि ज्याच्यासाठी तो टॉवेल-टोपी घेऊन आला होता, तो माणूस यवतला गेलेला. दोघांत कुठंच वत्सला नव्हती.

बबनरावांनी खोकून तिला खूण केली. तिनं ती ऐकली आणि सोडून दिली.

"गुरुजी यवतला गेले नाहीत," ती म्हणाली. "गुरुजी मीच आहे."

प्रल्हाद हसला. मग त्यानं बबनरावांकडं बघितलं, आणि त्याचं हसू हळूहळू विझलं.

"पोरीचा दोष न्हाई बाबा," बबनराव पुटपुटले. "मीच सांगितलं हुतं तसं."

"थांबा मामा." तो वत्सलापुढं येऊन उभा राहिला. "चंद्राच्या पुस्तकाबद्दल गुरुजी शेवटाला एक बोलले हुते. गाडीत मी ते तुमाला कधीच सांगितलं न्हाई. ते सांगा."

ते वाक्य वत्सलाला आठवावं लागलं नाही.

"मी म्हणाले होते, एवढी मोठी वस्ती, काचेची घरं, आरशासारखे रस्ते. आणि ते झाडतं कोण, ते लेखकानं कुठंच लिहिलेलं नाही. म्हणजे आपल्या माणसांना हे चंद्रावरही झाडायला नेणार, आणि पुस्तकात मात्र घेणार नाहीत."

प्रल्हाद बाकावर बसला.

"माझी आई दौंड स्टेशनात झाडू मारते," तो म्हणाला. "मी लहानपणापासनं असली पुस्तकं वाचतो, पण मला कधी हे सुचलं न्हाई. मामांकडनं ऐकलं आन् घरी जाऊन आईला सांगितलं. ती म्हणली, त्या मास्तरला एकदा जेवायला आण. त्याला माझं तोंड बघू दे, मला त्याचं." त्यानं मान वर केली. डोळे ओले होते, आणि त्यांत रागही होता. "मग माझ्याशी खोटं का भांडलात? इतकं दिवस?"

"भीती वाटली. गुरुजींचं तुम्ही ऐकत होता. पोरीचं ऐकलं असतं?"

तो लगेच 'हो' म्हणाला असता, तर तिनं विश्वास ठेवला नसता.

"पहिल्या दिवशी न्हाई," तो सावकाश म्हणाला. "हसण्यावारी नेलं असतं."

"म्हणून."

"गाडीत बोललात त्यातलं एक बी खरं नव्हतं?"

"एक होतं." वत्सलानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "एकदा टायर पंक्चर झाला, तेव्हा मी म्हणाले होते... लवकर दुरुस्त नाही झाला तरी चालेल. ते खरं होतं."

प्रल्हाद तिच्याकडं बघत राहिला. बबनरावांना दिसत नव्हतं तरी ते उगाच कपाटातली पुस्तकं पुसायला लागले.

"मग गुरुजी," तो म्हणाला, "माझ्या प्रश्नाचं काय? तुमचं मत काय?"

"मत..." ती म्हणाली. "माझं मत... त्या बाईला एकदा विचारावं. ती नाही म्हणणार नाही."

तो उठला. टेबलावरची टॉवेल-टोपी त्यानं पुन्हा दोन्ही हातांवर घेतली, आणि क्षणभर ती टोपी तिला द्यावी की काय अशा विचारात पडला. वत्सलाला इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळं हसू आलं.

"तुमचे वडील घरी हायेत?"

"आप्पा? आहेत."

"मग हा मान त्यांचा."

"आत्ता?"

"उद्या मी भुसावळात असंन."

"माझी शाळा मी सोडणार नाही," ती एकदम म्हणाली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लपवून ठेवायचं म्हटलं की काय होतं, ते तिला आता पुरतं कळलं होतं.

"सोडा कुणी म्हणलंय? मी बदली मागतो परत. साहेब देईपर्यंत त्याच्या दारात बसतो."

"आप्पा नाही म्हणाले तर?"

"पुढच्या रविवारी परत येतो."

"आणि त्यांनी विचारलं, माझ्या पोरीत काय बघितलंस, तर?"

"खरं सांगणार. बघायच्या आधी नुसतं ऐकलं हुतं."

वत्सलानं चपला पायांत सरकवल्या. "चला मग," ती म्हणाली. "लवकर चला. थांबले तर माझा धीर सुटेल."