बिनभिंतीचं दार

सागवानी दार. मंचावर मधोमध उभं. आजूबाजूला भिंत नाही.

पितळी डबरा-पेल्यात गार झालेली कॉफी.

चपला हातात घेऊन पळणारे पाहुणे.

माझ्या चुलत बहिणीचा आवाज.

तुम्ही काहीही म्हणा, मी तिथे होतो. कुंभकोणम. गेल्या मार्चमधला शनिवार. दिवेलागणीची वेळ.

आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. वर्षातून एकदा आमच्या मंडळींचं नाटक होतं. लेक सासर सोडून माहेरी येते. दार ठोठावते. कोणी उघडत नाही. ती विहीर जवळ करते.

पण तिला नाकारणारी माणसं मंचावर नसतात. ती प्रेक्षकांत बसतात. प्रत्येक घराचं एक वाक्य, बापाकडून मुलाकडे आलेलं. घरच्या कर्त्यानंच उभं राहून म्हणायचं.

शेवटचं वाक्य आमच्या घरचं. ते पद्मनाभकाका म्हणतात.

यंदा नाटकातली लेक झाली होती त्यांचीच मुलगी. लावण्या. नाटकापुरती माहेरी आलेली.

पडद्याआड ती म्हणाली, "अप्पा, यंदा एक घर तरी 'उघडा' म्हणा कीं."

काका हसले. "नाटक तें, बाळे. खरेंच कोण कोंडतो तुला?"

शेजारच्या राजेश्वरीमामींनी टोमणा मारलाच. "हिला नाटकांतही माहेर पाहिजे!"

लावण्या दारामागे गेली.

टक... टक...

"गांव काय म्हणेल?" एक घर.

"धाकटीचें लग्न कसें होईल?" दुसरं.

एकेक घर बोलत गेलं. मग काका उठले.

"नांव बुडेल. दार उघडूं नका."

टाळ्या. आता तिनं दाराच्या बाजूनं पुढे येऊन नमस्कार करायचा.

ती आली नाही.

टक... टक... टक...

मी मंचावर चढलो. दाराला वळसा घालून मागे गेलो.

मागे कोणीच नव्हतं.

पुढे आलो, तर आतून लावण्याची मला हाक...

"सूर्या, येथें चारी बाजूंस भिंत आहे रे."

मी कडी ओढली. हलेना. चौघांनी ओढली. हलेना.

मामीच ओरडल्या, "अहो, आपापलें वाक्य मागें घ्या!"

एकेक कर्ता उठला. "उघडा." दर वेळी कडी जराशी सरकली... आता काकांचंच घर उरलं.

काका उभे राहिले. रडत होते. तोंड उघडलं...

"नांव बुडेल. दार उघडूं नका."

पुन्हा प्रयत्न केला. तेच. त्याच चालीत. स्वतःचे ओठ बोटांनी ओढत होते, आणि आवाज तोच येत होता.

कडी परत जागेवर बसली.

ठोठावणं हळू झालं...

थांबलं.

पोलिसांनी तिला हरवली म्हणून लिहून घेतलं. दार अजून त्याच हॉलमध्ये उभं आहे. त्याला हात लावायला कोणी धजत नाही. काका रोज त्याच्यासमोर बसतात. मी त्यांना घरी आणायला जातो, तेव्हा पायरीवरूनच ऐकू येतं... तेच वाक्य.

परवा त्यांचं वाक्य संपलं आणि आतून एकदाच...

टक.

नाटकाच्या आधीच्या दिवाळीत लावण्या तिरुप्पनंदाळचं सासर सोडून, बॅग घेऊन आली होती. पद्मनाभकाकांनी तिला पुढच्याच बसनं परत पाठवलं.