दारापासून खुर्चीपर्यंत सात पट्ट्या

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भोपाळ, गोविंदपुरा, गेला नोव्हेंबर. लख्ख दुपारचे चार.

शशिकलामावशी चहा गाळत होती.

सर्र... सर्र... सर्र...

सपाता फरपटत आल्या. पुढच्या दाराच्या उंबऱ्याशी थांबल्या.

बाहेर कोणीच नव्हतं.

चाल तिने ओळखली. विश्वनाथकाकांची.

काकांना जाऊन महिना झाला होता.

त्यांना पार्किन्सन होता. उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटायचे. समोर ओलांडायला रेघ दिसली, की मात्र उचलायचे. म्हणून मावशीने दारापासून त्यांच्या खुर्चीपर्यंत पिवळ्या टेपच्या सात पट्ट्या चिकटवल्या होत्या. ती टाळी वाजवून मोजायची, ते पाऊल टाकायचे. शेवटची सहा वर्षं नवरा-बायकोत जवळजवळ एवढंच बोलणं.

मेंदू संशोधनाला द्यायचा, हे काकांनीच ठरवलेलं. "हा रोग कोणाला तरी कळू दे, शशी." तिने शब्द पाळला.

शेजारच्या शोभाताई म्हणाल्या, "मेंदू काढू दिलास? आता घर कसं गं सापडणार त्यांना?"

तेराव्याला मावशीने फरशी घासली. पट्ट्याही खरवडून काढल्या.

घर सापडलं होतं.

आत येता येत नव्हतं.

रोज चारला. सर्र... सर्र... आणि मग काहीच नाही.

पावलं ऐकू येऊ लागल्यापासून नवव्या दिवशी तिने प्रयोगशाळेत फोन लावला. तिथली मधुरा मराठी बोलायची.

"ह्यांचा मेंदू... कुठे असतो गं?"

"इथेच, काकू. फॉर्मॅलिनच्या बादलीत दोऱ्याला टांगून ठेवला होता. तळाला टेकला तर चपटा होतो. कालच काप घेतले."

"काय दिसलं?"

"मेंदूच्या देठात एक काळी रेघ असते. काकांची जवळजवळ पुसली गेली होती."

मावशीने फोन ठेवला. चप्पल घातली, नाक्यावरून टेप आणली.

दुसऱ्या दिवशी, चार.

सर्र...

"एक," मावशीने टाळी वाजवली.

▬▬▬▬▬

"दोन."

▬▬▬▬▬

"तीन... या ना..."

▬▬▬▬▬

▬▬▬▬▬

▬▬▬▬▬

▬▬▬▬▬

"सात."

▬▬▬▬▬

खुर्चीचा वेत करकरला.

मग बशीत चमचा वाजू लागला... किणकिण... किणकिण...

हे तिने फोनवर सांगितलं. जानेवारीत मी भेटायला गेलो. फरशी स्वच्छ होती.

"मावशी, पट्ट्या?"

"काढल्या."

"का?"

"आत आले ना." तिने तिसरा कप भरला.

"आणि त्यांना परत जायचं असेल तर?"

तिने चहावरची साय बाजूला सारली.

"मग मी कोणासाठी मोजू रे?"

मी निघालो. उंबरा ओलांडला. मागे...

सर्र... सर्र...

सपाता दाराशी येऊन थांबल्या.

माझा मफलर उंबऱ्यावर आडवा टाकला असता, तरी रेघ म्हणून पुरलं असतं.

मावशी आतून माझ्या हातांकडे बघत होती.

मी मफलर गळ्याला घट्ट गुंडाळला.